यल्लाप्पाची जबानी

सदलगा, १५ डिसेंबर १९८५

अण्णा, जय भीम.

तार पोचली असेल. ‘यल्लाप्पा अटकेत, ताबडतोब ये’ एवढंच तारेत घातलं होतं. तुला वाटलं असेल गाडीखाली कुणी आलं. तसं नाही.

गेल्या आठवड्यात आपला धाकटा निपाणीहून ट्रकमध्ये तंबाखूची पोती भरून गोव्याला निघाला होता. खानापूरच्या पुढं नाक्यावर गाडी अडवली. पोती उतरवून बघितली, काही मिळालं नाही. मग केबिन तपासली. सीटखाली फडक्यात बांधलेल्या काळ्या वड्या निघाल्या. चरस. मी हा शब्द आजवर फक्त पेपरात वाचला होता.

गाडीत त्याच्याबरोबर एक बाई होती. इथलीच, सदलग्याची. गंगव्वा नाव. बाजारात भाजी घेऊन बसते, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वास्कोला तिची लेक बाळंत व्हायची होती, म्हणून निघाली होती. वड्या तिच्या पायाशी मिळाल्या आणि वर तिचंच गाठोडं होतं, म्हणून तिलाही धरलं. दोघंही आता हिंडलग्याच्या तुरुंगात आहेत.

बेळगावच्या पेपरात आलं आहे, ‘दोन तस्कर जेरबंद’. आडनावासकट. काल शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी शिरले आणि आमच्या थोरल्या गुरुजींनी वाचता वाचता पेपर घडी करून मांडीखाली घेतला. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.

आईला मी गाडीच्या कागदांचा घोळ झालाय म्हणून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “कुणाला मारलं न्हाय न्हवं गाडीखाली?” नाही म्हटल्यावर “मग येतंय परत” म्हणाली आणि विडीची पानं कातरायला बसली.

अण्णा, मला कोर्टकचेरी कळत नाही. तू नागपुरात बँकेतला माणूस, चार वकील ओळखीचे असतील. रजा काढून ये. निदान पत्र पाठव.

जया


सदलगा, ९ फेब्रुवारी १९८६

अण्णा, जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. ‘माझी बढती तोंडावर आली आहे. इथं त्याचं नाव माझ्याशी कुणी जोडू नये. यापुढं त्याच्याबद्दल मला कळवू नका.’ कार्डावर लिहिलंस, पाकिटात नाही. पोस्टमननं वाचलं असणार. सदलग्यात पोस्टमननं वाचलं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. आपल्या गल्लीतला पहिला बी.कॉम. तू. तू नेहमी म्हणायचास की बाकीच्यांच्या घरात एकानं चूक केली तर तो एकटा चुकतो, आपल्यातल्या एकानं केली तर सगळी वस्ती चुकते. खरंच आहे ते. पण म्हणून मी लिहायचं थांबवणार नाही. फाडून टाकायचं तर टाक.

मी त्याला भेटून आले. जाळीच्या आत तो आणि बाहेर मी, दोन्हीकडं माणसांचा गलका. ओरडून बोलावं लागतं, आणि जे बोलायचं ते ओरडण्यासारखं नसतं. वाळला आहे. मी सरळ विचारलं, “तुला ठाऊक हुतं का रं?”

त्यानं मान खाली घातली नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, “शामूनं पुडकं दिलं. फोंड्याला एक माणूस येईल, त्याला दे म्हणाला. वास आलता आक्का मला. काय हाय म्हणून मी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर न्हेता आलं नसतं.”

शामू म्हणजे त्याच्या गाडीमालकाचा मुनीम. याआधी दोनदा त्यानं असं काही सोपवायला बघितलं होतं, यल्लाप्पानं टाळलं होतं. या खेपेला मालकानं नवी गाडी त्याच्या हाती द्यायचं कबूल केलं होतं. नव्या गाडीसाठी भुलला. एवढंच आहे, यात मोठी गोष्ट काही नाही.

मालकानं वकील दिला आहे. बेळगावातला बडा माणूस. त्यानं मला समजावून सांगितलं ते तुलाही सांगते. हा गुन्हा थोडा आधी घडला असता तर जुन्या कायद्यात बसला असता. पहिलाच गुन्हा, वय लहान, म्हणून चांगल्या वागणुकीच्या हमीवर कोर्टानं सोडूनसुद्धा दिलं असतं. पण नोव्हेंबरात नवा कायदा लागू झाला आणि यल्लाप्पा डिसेंबरात सापडला. नव्या कायद्यात चरसाला दहा वर्षं. जास्तीत जास्त नव्हे, कमीत कमी. पहिला गुन्हा असो की दहावा, हमीवर सोडायची सोय नाही. वर लाखाचा दंड.

मी विचारलं, “दहा वर्षं म्हणजे खरोखर दहा?” वकील म्हणाले, “बाई, तुम्ही मास्तरीण. दहाचा अर्थ मी काय सांगू?”

माझ्याबद्दल विचारू नकोस. चिकोडीकडच्या स्थळाचा निरोप आला, ते आता थांबतो म्हणतात. बरं झालं, शाळेचं काम पुष्कळ आहे.

जया


निपाणी, २४ ऑगस्ट १९८६

अण्णा, जय भीम.

आईजवळ आले आहे. तिला आता सगळं कळलं आहे. वखारीतल्या बायकांनी सांगितलं. माझ्याशी चार दिवस बोलली नाही. यल्लाप्पावर नाही, माझ्यावर रागावली, खोटं सांगितलं म्हणून.

खटला सुरू झाला आहे. वकिलांनी मागच्या महिन्यात मला घरी बोलावून त्यांचा बेत सांगितला. माल कुठं मिळाला? बाईच्या पायाशी. वर कुणाचं गाठोडं? बाईचं. गाडीवाले वाटेत माणसं घेतातच. यल्लाप्पानं फक्त ‘मला काही माहीत नाही’ म्हणायचं. बाकीचं तेच बघतील. तो सुटेल, असं ते जवळजवळ खात्रीनं म्हणाले.

“आणि ती बाई?” मी विचारलं.

“तिला सरकारी वकील मिळेल.”

मी तुला खरं सांगते अण्णा, मला हायसं वाटलं. त्या बाईला मी बाजारात बघितलेलं आहे, तिच्याकडनं मेथी घेतलेली आहे. तरी हायसं वाटलं. बसमध्ये बसून बेळगावला गेले ती हाच विचार करत की हे यल्लाप्पाला पटवायचं कसं. तो पटवून घेणार नाही हे मला कुठंतरी ठाऊक असणार, नाहीतर पटवायचा विचार कशाला केला असता?

जाळीपाशी मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “न्हाय आक्का.”

“का न्हाय? ती तुझी कोण लागती?”

“कोण न्हाय.”

“मग?”

“गाडीत बसलीती. गाडीत बसल्यालं माणूस ड्रायव्हरच्या हवाली असतंय. घाटात ब्रेक गेला तर मी उडी मारून तिला आत ठेवीन का?”

मी हात जोडले त्याला. सगळ्यांच्या देखत. म्हटलं, तू खोटं बोलू नकोस, नुसता गप्प बस. तिच्यावर बोट दाखवू नकोस, तेवढंच गप्प बस. आईचं वय बघ. दहा वर्षांनी आई असेल का?

शिपाई वेळ संपली म्हणून ओरडायला लागला. जाता जाता म्हणाला, “आक्का, एकदा न विचारता गप बसलो तर हितं आलोय. परत गप बस म्हणतीस व्हय?”

घरी आले आणि आईला सांगितलं. मला वाटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती पानं कातरत होती. कात्री थांबवून म्हणाली, “त्या बाईच्या लेकीला काय झालं?” मुलगा झाला, असं कळलं होतं. ते सांगितलं. “आजी तुरुंगात आन् नातू वास्कोत,” एवढंच म्हणाली.

मला तुम्हा दोघांचा कधीकधी राग येतो अण्णा. तू लांब बसून बरोबर आहेस आणि तो आत बसून बरोबर आहे. मधल्या बस मी पकडते.

जया


सदलगा, १४ मार्च १९८७

अण्णा, जय भीम.

तू उत्तर देत नाहीस, पण पत्र परतही येत नाही. तेवढ्यावर लिहिते.

परवा यल्लाप्पाची जबानी झाली. साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात, तुझ्याविरुद्ध असं असं आलं आहे, तुझं काय म्हणणं? त्यावर शपथ नसते. गप्प बसायचा अधिकार असतो. मी आता वकिलासारखी बोलायला लागले आहे.

न्यायाधीश वयस्कर आहेत, धारवाडकडचे असावेत. ते कन्नडात विचारत होते आणि यल्लाप्पा मराठीत उत्तर देत होता. दोघांनाही दोन्ही येतं, त्यामुळं दुभाष्याची गरज पडली नाही. गंगव्वा शेजारी पिंजऱ्याला धरून उभी होती. तिची साडी आता अंगावर मोठी होते.

पहिल्या काही प्रश्नांना त्यानं ‘व्हय, खरं हाय’ म्हटलं. गाडी मी चालवत होतो, खरं. नाक्यावर अडवलं, खरं. मालकाचे वकील कागद चाळत निवांत बसले होते. मग विचारलं, सीटखाली अमुक वजनाचा चरस मिळाला, त्याबद्दल काय म्हणणं?

यल्लाप्पा म्हणाला, “तो मी ठेवलाता साहेब.”

वकील उठले. “माझ्या अशिलाला प्रश्न समजलेला नाही,” म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना खाली बसवलं. पेन ठेवलं आणि यल्लाप्पाला सांगितलं, की तुला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. तू जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध धरलं जाईल. शिक्षा किती आहे ते तुला ठाऊक आहे का?

“ठाऊक हाय साहेब. दहा.”

“तरी बोलायचं आहे?”

“व्हय. शामू मुनीमनं निपाणीत पुडकं दिलं, मालक तितंच हुते. मी सीटखाली ठेवलं. मग ही बाई संकेश्वराजवळ गाडीत बसली. तिला जागा दिली ती मीच. गाठोडं वर ठेव म्हणालो तेबी मीच. तिला कायबी ठाऊक न्हवतं. तिला सोडा.”

टंकलेखकाच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता, तोही थांबला. गंगव्वा त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल हा आता तिच्यावर घालणार, गेलं वर्षभर तिला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. ती खाली बसली, तिथंच, पिंजऱ्यात. शिपायानं पाणी आणलं.

मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. तू रागावशील म्हणून नव्हे. आपला धाकटा भाऊ, ज्याला नववीत गणितात नापास म्हणून तू थोबाडीत मारली होतीस, तो भरल्या कोर्टात उभा होता आणि त्याच्यापेक्षा उंच त्या खोलीत कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, “बाई, माझं काम संपलं. मालकांचंही.” आता कोर्टानं मारुतीराव म्हणून खानापूरचे वकील नेमून दिले आहेत. म्हातारे आहेत, बोलताना दम लागतो, पण यल्लाप्पाला ‘अहो यल्लाप्पा’ म्हणतात.

मालक आणि शामूचं काय, म्हणून मी विचारलं. मारुतीराव म्हणाले, एका आरोपीच्या शब्दावर तिसऱ्याला धरता येत नाही. दुसरा पुरावा लागतो. तो नाही.

जया


निपाणी, २० एप्रिल १९८७

अण्णा, जय भीम.

निकाल लागला. गंगव्वा निर्दोष. यल्लाप्पा दोषी.

आई आली होती. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून, माझ्या शेजारी बसून होती. दोषी ठरवल्यावर लगेच शिक्षा सुनावत नाहीत. शिक्षेबद्दल आरोपीला काय सांगायचं ते ऐकावं लागतं. मारुतीराव उभे राहिले आणि म्हणाले, पहिलाच गुन्हा आहे, सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, आई विडी कामगार आहे, आणि याचा खरेपणा कोर्टानं स्वतः पाहिला आहे. दम लागून थांबले. मग म्हणाले, “मला ठाऊक आहे की मी जे मागतो आहे ते द्यायची कोर्टाला मुभा नाही. तरी मागितल्याशिवाय खाली बसवत नाही.”

न्यायाधीशांनी यल्लाप्पाला विचारलं, तुला काही सांगायचं आहे?

तो म्हणाला, “केलं ते केलं साहेब. पुडकं पोचलं असतं तर तितं कुणाच्या तरी पोराच्या हातात गेलं असतं. ह्याचा इचार मी हितं आल्यावर केला, आधी केला न्हाय.” आणि थोडं थांबून, “म्हाताऱ्या वकील साहेबांना खुर्ची द्या.”

लोक हसले. न्यायाधीशही हसले असं मला वाटलं, पण त्यांनी लगेच चष्मा काढून पुसला.

मग ते बोलले. कन्नडात बोलले, सावकाश, आईलाही कळावं असं. म्हणाले, इतकी वर्षं मी या खुर्चीवर आहे. शिक्षा देताना माणूस बघायचा, हे मी शिकलो. या कायद्यानं मला माणूस बघायला मनाई केली आहे. विष विकणाऱ्यांसाठी कायदा कडक हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्यानं हे पहिल्यांदा केलं आणि ज्यानं आयुष्यभर केलं, त्या दोघांना एकाच मापानं मोजायला मला सांगितलं आहे. दहा वर्षांच्या खाली मी एक दिवस येऊ शकत नाही. दहाच्या वर एक दिवस जाणार नाही. आणि या आरोपीच्या सांगण्यामुळं एक निरपराध बाई आज घरी जाते आहे, हे मी निकालात लिहून ठेवतो, वरच्या कोर्टाला वाचता यावं म्हणून.

तो भाग मी मारुतीरावांकडून उतरवून घेतला आहे. इंग्रजीत आहे. तुला पाठवते. तुझं इंग्रजी चांगलं.

बाहेर व्हरांड्यात गंगव्वा आईच्या पाया पडायला वाकली. आईनं तिला दंडाला धरून उठवलं. म्हणाली, “माझ्या पाया पडू नगंस. लेकीकडं जा आधी. नातवाला बघ.” गंगव्वा रडत होती. आई नव्हती रडत. बसमध्ये हत्तरगी गाव मागं पडल्यावर तिनं तुझं नाव काढून मला विचारलं, “दहा वर्सं म्हंजे जया, भीमाप्पा नागपूरला गेल्याला किती झाली?”

मी म्हटलं, “दहाच होत आली.”

“मग जातात,” ती म्हणाली.

जया


सदलगा, ६ नोव्हेंबर १९८८

अण्णा, जय भीम.

बंगळूरच्या हायकोर्टानं अपील फेटाळलं. निकालाच्या त्या भागाबद्दल त्यांनी सहानुभूती दाखवली, शिक्षा कायम ठेवली. मी मारुतीरावांना विचारलं, सहानुभूती कुठं जमा करायची असते? बिचारे ओशाळले. मी असं बोलायला नको होतं.

यल्लाप्पाला सांगायला गेले तर त्याला आधीच कळलं होतं. “लई लोकास्नी असंच झालंय आक्का,” म्हणाला. तुरुंगात सतरंज्या विणायला शिकला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज, घरची पत्रं तो लिहून देतो. नववी नापासाचं अक्षर, पण लोकांना चालतं. तुझ्या मारानं अक्षर तेवढं सुधारलं, असं तोच म्हणाला.

गंगव्वा दर महिन्याला त्याला भेटायला जाते. भाजीचं दुकान बंद ठेवून. आत भाजी नेऊ देत नाहीत, म्हणून रिकाम्या हातानं जाते. काय बोलता, म्हणून मी एकदा विचारलं. “काय बोलायचं बाई? नातू काय काय करतो ते सांगते. ते पोर न बघताच मी तुरुंगात मेले असते, तसं नव्हं न्हाय का झालं,” म्हणाली. तिचं बोलणं असं गुंतलेलं असतं, पण कळतं.

आता मुख्य सांगते. गेल्या महिन्यात हिंडलग्यात भरमा नावाचा एक ड्रायव्हर आला. अनगोळचा. आपल्या यल्लाप्पाच्याच मालकाची गाडी, तोच रस्ता, तसंच पुडकं. त्यालाही मालकानं तोच बडा वकील दिला आहे. आणि त्याच्याही गाडीत वाटेत घेतलेला एक माणूस होता, बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीचा कामगार. वकिलानं त्याला काय सांगितलं असेल ते तू ओळखशील.

यल्लाप्पा त्याच्याजवळ जाऊन बसला. उपदेश केला नाही, तो काही उपदेश करणारा नाही. आपल्याला काय झालं ते सांगितलं. भरमा म्हणाला, “खरं बोलून तुला काय मिळालं? दहा वर्सं.” यल्लाप्पा म्हणाला, “खोटं बोललो असतो तर ती बाई दहा वर्सं. आन् मी बाहीर तिच्या गावावरनं गाडी न्हेली असती, रोज.”

भरमानं चार दिवस विचार केला आणि अधिकाऱ्यांना जबानी लिहून दिली, शामूच्या आणि मालकाच्या नावासकट. यल्लाप्पाची जबानी कोर्टाच्या कागदात होतीच. दोन वेगळ्या वर्षांतले, अटकेआधी एकमेकांना न ओळखणारे दोन ड्रायव्हर तेच सांगतात म्हटल्यावर मालकाच्या वखारीवर छापा पडला. माल मिळाला. शामू आणि मालक दोघंही अटकेत आहेत.

अण्णा, दीड वर्षापूर्वी त्याच्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती. आता आली. मला हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

जया


सदलगा, १७ डिसेंबर १९८९

अण्णा,

मालकाचा खटला संपला. यल्लाप्पाला सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून आणलं होतं, हातात बेड्या घालून. मालकाच्या वकिलांनी त्याला खूप हैराण केलं. तू शिक्षा झालेला गुन्हेगार आहेस ना? व्हय. शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलतो आहेस ना? तो म्हणाला, “साहेब, यंदा कायदा बदललाय. चांगल्या वागणुकीची सूटबी बंद झाली आमची. कमी व्हायचं कायबी ऱ्हायलं न्हाय. म्हणून तर निवांत बोलतोय.”

हे मलाही तिथंच कळलं. सूट बंद झाल्याचं त्यानं मला सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या सुटीचा हिशेब करून बसले होते.

मालक सुटला. वखार त्याच्या पुतण्याच्या नावावर निघाली. शामूला दहा वर्षं. त्याचाही पहिलाच गुन्हा, कागदावर. त्याला यल्लाप्पाच्याच बराकीत टाकलं आहे. मला वाटलं होतं आता काहीतरी होणार. झालं ते असं की शामू जेवत नव्हता, आणि यल्लाप्पा त्याच्यासमोर ताट घेऊन बसला. म्हणाला, “खा. पयला महिना जड जातोय, मग जात न्हाय. तुझ्या बायकोला पत्र लिवायचं आसंल तर सांग.” पत्र त्यानं लिहून दिलं. ज्या माणसानं त्याला आत घातलं त्याच्या बायकोला, ‘मी बरा आहे, काळजी करू नये’ असं त्याच्या अक्षरात गेलं.

मी विचारलं, तुला राग येत नाही का? “येतो की,” म्हणाला. “खरं ते रडतंय बघ आक्का. मालक बाहीर हाय आन् हे हितं. त्याच्यावर राग काढून काय करू?”

मी या माणसाची बहीण आहे. शाळेत परवा नवीन बाईंनी विचारलं, भावंडं किती, काय करतात? मी सांगितलं, थोरला बँकेत आहे, धाकटा हिंडलग्यात शिक्षा भोगतो आहे. दोन्ही सारख्याच आवाजात सांगितलं. गुरुजींच्या हातात पेपर होता, त्यांनी तो खाली ठेवला आणि ऐकलं.

आता एक गोष्ट. साक्षीच्या दिवशी, अण्णा, तू कोर्टात होतास. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड, करड्या स्वेटरमध्ये. मी मागं वळले तेव्हा तू खाली बघितलंस. मी हाक मारली नाही. यल्लाप्पाची साक्ष संपेपर्यंत तू बसलास आणि बेड्या घालून त्याला नेलं तेव्हा उभा राहिलास. त्या बाकावरचं दुसरं कुणी उभं राहिलं नाही. मग मी बाहेर आले तर तू गेला होतास. नागपूरहून एवढा लांब आलास आणि आईला न भेटता गेलास. मी तिला सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं यल्लाप्पाला दिसलं नसेल. काल भेटायला गेले, तो इकडचं तिकडचं बोलला, मारुतीरावांची तब्येत विचारली. वेळ संपत आली तेव्हा म्हणाला, “अण्णा जाड झालाय न्हाय गं?”

“व्हय, झालाय,” मी म्हटलं.

“पुढच्या महिन्यात जाळीवरच्या भेटीला त्याचं नाव दिलंय मी,” म्हणाला. “त्याला म्हणावं, हितं मागं बसायची सोय न्हाय. पुढंच उभं ऱ्हावं लागतंय, आन् वरडून बोलावं लागतंय.”

जया